सासूबाईंचा आवाज

चर्चच्या मागचा चढ चढत सासूबाई येत होत्या.

एवेलिओने काळ्या कॉफीचा कप बाकावर ठेवला आणि कान टवकारले. तोच आवाज. दमेकरी माणसाने जिना चढावा तशी घरघर, आणि दर फेऱ्याला मध्येच एक बारीक टिक्. घर्र, घर्र, टिक्. घर्र, घर्र, टिक्. चौतीस वर्षं कानात बसलेला आवाज, चुकायला जागाच नव्हती.

घोटाळा एवढाच होता, की सासूबाई त्याच्या समोरच उभ्या होत्या. चौकातल्या आंब्याखाली, इंजिन बंद करून, मागच्या चाकांना दगड लावून. त्यांच्या बॉनेटवर बेकरीवाल्याचं मांजर झोपलं होतं.

"ओफेलिया, तुला काही ऐकू येतंय?" त्याने विचारलं.

ओफेलिया म्हणजे चौकातल्या जीपांच्या रांगेची मुकादम. गळ्यात शिट्टी, मांडीवर वही आणि तोंडात तिखट. कुठल्या जीपने कुठल्या वाडीला कधी निघायचं, हे ती ठरवायची, आणि तिच्या शब्दापुढे पाद्रीबाबांचंही चालत नसे.

"मला एवढंच ऐकू येतंय दॉन एवेलिओ, की बारा वाजता तुम्ही पाटी परत देणार आहात," ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. "का? डोळ्यांपाठोपाठ कानही गेले वाटतं?"

"जीप येतेय. चढावरून."

"आवे मारिया! जीपांच्या चौकात जीप येतेय. घंटा वाजवायला सांगू?"

एरवी एवेलिओने तिला जशास तसं दिलं असतं. पण आज तो उठून उभा राहिला होता.

एवेलिओ ओकाम्पो. वय अडुसष्ट. सान इसिद्रो गावातून डोंगरातल्या वाड्यांवर विलिस जीप हाकणाऱ्या अकरा जणांतला सगळ्यात जुना. त्याची जीप चोपन्न सालची, त्याच्याहूनही वयाने मोठी. या भागात केळी, कॉफी, साबुदाण्याचा कंद असलं काही पोत्यांत मोजत नाहीत, यिपाओत मोजतात. एक यिपाओ म्हणजे एक जीपभर, आणि जीपभर म्हणजे टपापर्यंत, टपावर आणि वर दोन माणसं लटकून. कॉफी तोडणाऱ्यांचं बिऱ्हाड हललं तर पलंग, कोंबड्या, डुक्कर आणि येशूची तसबीर, सगळं एकाच फेरीत जातं. जिथे खेचरं थबकतात तिथे या जीपा जातात, आणि बिघडल्या तर तारेच्या तुकड्यावर परत येतात. निदान सासूबाई तरी येत.

नाव त्यांना असंच पडलेलं नव्हतं. एवेलिओची मुलगी नुबिया जन्मली त्याच आठवड्यात जीपची पेटी फुटली होती. पेटी म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे असते ती, चारही चाकांना जोर वाटून देणारी. घाटातला सगळा जीव तिच्यात. तेव्हा गावातला मिस्त्री हिल्दार्दो तीन दिवस जीपखाली होता. आतल्या एका दातेरी चाकाचा दात किंचित उडालेला. नवा भाग कुठून आणणार? हिल्दार्दोने तो दात हाताने कानशीने घासून घासून बसवला आणि म्हणाला, "आवाज करेल हां. जन्मभर कुरकुर करेल. पण सोडणार नाही."

"म्हणजे माझी सासूच की," एवेलिओ म्हणाला होता, आणि बारसं तिथेच झालं.

खऱ्या बाळाचा बाप्तिस्मा त्या रविवारी झाला. धर्मपिता म्हणून बाळाला पाण्यावर धरलं हिल्दार्दोनेच. त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे कंपाद्रे. इथे हे नातं चेष्टेवारी नेत नाहीत. नवरा-बायको वेगळे होतात, भाऊ भाऊ कोर्टात जातात, पण कंपाद्रे मरेपर्यंत कंपाद्रे; एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत की अरे-तुरे करत नाहीत. सारं गाव हिल्दार्दोला मिस्त्री म्हणे. एवेलिओने चौतीस वर्षांत तो शब्द उच्चारला नव्हता. आणि पेटी परत बसवण्याआधी नव्या कंपाद्रेने छिन्नी घेऊन तिच्या बुडावर एक अक्षर कोरलं होतं. नुबियाचा एन.

लाल जीप चौकात आली.

नवीकोरी रंगवलेली, चकचकीत, दारावर सोनेरी अक्षरांत 'लाडकी' असं नाव. मागे चार पर्यटक, प्रत्येकाच्या हातात फोन. खालच्या कॉफीच्या मळ्यात हॉटेल झालं होतं, त्यांची ही जीप. चालवणारा विल्मार, तिशीतला, नव्या टोपीतला. त्याने दगडी फरशीवर गाडी थांबवली, पण पाहुण्यांना मजा वाटावी म्हणून घाटाचा गिअर तसाच ठेवून एकदा पुढे, एकदा मागे केली.

घर्र, घर्र, टिक्.

एवेलिओने टोपी काढून बाकावर ठेवली. मग तो अडुसष्ट वर्षांचा माणूस सरळ चौकाच्या फरशीवर पाठ टेकून आडवा झाला आणि खांद्यांवर सरकत लाल जीपखाली गेला.

चौकात हशा पिकला. "दॉन एवेलिओ, ती लग्नाची आहे, जरा लाजा!" कुणीतरी ओरडलं. एका पर्यटकाने फोटो काढला. विल्मार घाबरून इंजिन बंद करून खाली उतरला.

"ओ काका, काय झालं? तेल गळतंय का?"

जीपखाली अंधार होता, पण एवेलिओचे नवे डोळे चांगले होते. पेरेइराच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढून नव्यासारखे केलेले. पेटीवरचा चिखल त्याने अंगठ्याने पुसला. अक्षर तिथेच होतं. वाकडा, घाईत कोरलेला, एक पाय आखूड असलेला एन.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा पांढरा सदरा पाठीवर काळा झाला होता.

"ही पेटी कुठून आणली रे?"

"मिस्त्रींनी बसवली," विल्मार म्हणाला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, उलट कौतुकच होतं. "मे महिन्यात. म्हणाले, अख्ख्या डोंगरात अशी पेटी दुसरी नाही. कुणा म्हाताऱ्याच्या जीपमधून काढलीय, म्हणाले. त्याला आता नाही लागायची. का हो?"

"काही नाही. जपून वापर," एवेलिओ म्हणाला.

तो बाकावर येऊन बसला. ओफेलियाने पहिल्यांदाच वही मिटली. तिने बेकरीकडे बघून एक बोट वर केलं, आणि तिथलं पोरगं गुळाच्या गरम पाण्याचा पेला आणून ठेवून गेलं.

मे महिन्यात. मे महिन्यात तो चार दिवस पेरेइराला होता, डोळ्यावर पट्टी बांधून बहिणीकडे. जीप हिल्दार्दोच्या अंगणात ठेवली होती. क्लच बघा म्हणून सांगितलं होतं आणि किल्ली त्याच्या हातात दिली होती. किल्ली देताना माणूस कंपाद्रेकडून पावती घेत नाही.

परत आला तेव्हा जीप गप्प होती. पहिल्याच चढावर ते त्याच्या ध्यानात आलं. घरघर नाही, टिक् नाही. त्याने जाऊन विचारलंही होतं.

"जाड तेल घातलंय यंदा, कंपाद्रे," हिल्दार्दो हसून म्हणाला होता. "सासूबाईंचं तोंड बंद केलं एकदाचं."

आणि एवेलिओ हसला होता. खो खो हसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने आभार म्हणून केळ्यांचा एक सबंध घड नेऊन दिला होता! आता तो घड आठवून त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आपण इतके गाढव कसे, याचीच त्याला आधी चीड आली. दुसऱ्याची चीड यायला वेळ लागतो.

मग तो उतार. एल कोन्सुएलो वाडीहून खाली येताना लागतो, त्याला सगळे घसरण म्हणतात, आणि दुसरं काही म्हणण्यासारखं तिथे नाही. जूनमध्ये, आत पाच माणसं, दोन पोती कॉफी आणि एक टर्की. घसरणीवर ब्रेक वापरत नाहीत. घाटाच्या गिअरमध्ये टाकायची आणि इंजिनाच्या मिठीत सोडायची, ती आपली पावलं मोजत उतरते. हजार वेळा केलेलं. त्या दिवशी अर्ध्या उतारावर ती मिठी सुटली. जीप मोकळी झाली आणि धावली. एवेलिओने ती डोंगराच्या अंगाला घातली, मातीत नाक खुपसून थांबवली, म्हणून सगळे जिवंत राहिले. शेजारी बसलेल्या कुस्तोदिया म्हातारीचं मनगट मात्र मोडलं. थांबल्यावर त्याने पाहिलं, तर घाटाच्या गिअरचा दांडा मधोमध आला होता, गिअर सुटलेला.

दोर घेऊन धावत आला तो हिल्दार्दोच. त्याने दांडा पाहिला, एवेलिओकडे पाहिलं, आणि खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "तुमचाच हात लागला असणार, कंपाद्रे. नाहीतर गुडघा. होतं या वयात. वाईट वाटून घेऊ नका."

एवेलिओने वाईट वाटून घेतलं. सकाळी उठला की तो कॉफीने काठोकाठ भरलेला कप हाताने समोर धरायचा आणि हात हलतो का ते बघायचा. दोन आठवडे बघत होता. शेवटी गेल्या शनिवारी त्याने ओफेलियाला सांगितलं, पुढच्या शनिवारी बाराला चार नंबरची पाटी परत घे. माणसं न्यायचा माझा हात राहिला नाही. पत्र्याची पाटी, तळहाताएवढी. ती आरशाला टांगलेली असेल तर तुम्ही रांगेत, नसेल तर तुम्ही जीप असलेला एक म्हातारा.

"एवेलिओ!"

कुस्तोदिया चौक ओलांडून येत होती. ऐंशीला टेकलेली, काटकीसारखी, गळ्यात हात अडकवलेला, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. गावात एकटी तीच त्याला नुसत्या नावाने हाक मारायची, कारण तिने त्याला चड्डीत पाहिलं होतं.

"पाटी परत देतोयस म्हणे. शुद्धीवर आहेस का?"

"तुमचं मनगट मोडलं माझ्या हाताने, दोन्या कुस्तोदिया. अजून कुणाची मान मोडायची वाट बघू?"

"तुझ्या हाताने?" म्हातारीने पिशवी खाली ठेवली. "तुझे दोन्ही हात चाकावर होते. मी शेजारी बसलेय, डोळे मिटून माळ जपत नव्हते, डोळे उघडे ठेवून तुझ्याकडे बघत होते, कारण घसरणीवर मी नेहमी चालवणाऱ्याकडे बघते. तो दांडा आपोआप उडाला. बेडकासारखा. टुणकन्."

"आपोआप?"

"मी त्याच दिवशी मिस्त्रीला सांगितलं की! तो माझ्या मनगटाला फडकं बांधत होता, तेव्हाच. म्हटलं, एवेलिओचा दोष नाही हो, त्याला सांगा, तो मनाला लावून घेणारा आहे. तर म्हणाला, मी सांगतो त्याला, तुम्ही बोलू नका, दमलात." ती थांबली. एवेलिओच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "नाही सांगितलं?"

एवेलिओने मान हलवली.

"देवा," कुस्तोदिया म्हणाली, आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली.

पेटी गेली ती गेली. लोखंडच ते, कुणीही चोरतं. पण हिल्दार्दोला त्याच दिवशी सगळं माहीत होतं, आणि तरी त्याने त्या उतारावर, मातीत बसलेल्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हातारा ठरवलं. असा केसाने गळा कापल्यावर माणसाला बराच वेळ कळतच नाही की कापला गेलाय. एवेलिओला तीन आठवडे कळलं नव्हतं. उलट, कंपाद्रेने किती समजूतदारपणे घेतलं, असं तो बहिणीला फोनवर सांगत होता.

साडेदहा वाजले होते. तो उठला.

हिल्दार्दोचं गॅरेज चौकाच्या मागच्या गल्लीत, घराखालीच. भिंतीवर पाने उतरत्या क्रमाने टांगलेले, शेजारी नुबियाचा चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळचा पांढऱ्या झग्यातला फोटो. ती आता स्पेनमध्ये असते, तिथल्या म्हाताऱ्यांची देखभाल करते, आणि दर नाताळात दोन शर्ट पाठवते. एक बापाला, एक धर्मपित्याला. हिल्दार्दोच्या अंगात गेल्या नाताळातला निळा शर्ट होता, सुटलेल्या पोटावर ताणलेला.

"या, या कंपाद्रे!" तो म्हणाला. "दिलीत पाटी? बसा, कॉफी सांगतो. आता रोज सकाळी इथे या, फाशांचा डाव टाकू."

"लाल जीपच्या पेटीवर एन कशाला कोरलाय, कंपाद्रे?"

हिल्दार्दो हात पुसायला लागला. हात स्वच्छ होते, तरी तो पुसत राहिला.

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. चढावर. अख्ख्या चौकासमोर."

गल्लीतून एक मोटारसायकल गेली. 

"हॉटेलवाल्यांच्या सात जीपा आहेत," हिल्दार्दो शेवटी म्हणाला. "सातही माझ्याकडे लावतो म्हणाले. पण आधी ती लाल चढ चढून दाखवा, म्हणाले. तिची पेटी गेलेली. आता कुठे मिळते पेटी? मी मेदेयिनपर्यंत फोन लावले. आणि तुमची इथे अंगणात उभी. तुम्ही डोळ्यांना पट्टी बांधून. मला वाटलं, आता हे फार तर वर्षभर चालवतील, तेही सपाटीवर, केळी वाहायला. दुसरी बसवली ती काही अगदीच भंगार नव्हती, कंपाद्रे. मी तपासून बसवली."

"सुटली ती."

"सुटली."

"आत पाच माणसं होती."

"माहीत आहे मला." हिल्दार्दोचा आवाज चिरकला. "तुम्हाला वाटतं मला माहीत नाही? त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

एवेलिओने त्याच्या पोटाकडे पाहिलं. एरवी यावर तो हमखास काहीतरी बोलला असता आणि दोघे हसले असते.

"मागितली असतीत तर मी दिली असती," तो म्हणाला. "शिव्या घातल्या असत्या, पण दिली असती. मी स्वतः खाली झोपून काढून दिली असती. ते सोडा. पेटीचं मी काही विचारत नाही. हात कशाला म्हणालात?"

हिल्दार्दोने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"म्हातारीने तुम्हाला सांगितलं होतं, दांडा आपोआप उडाला. तुम्हाला तर ती सांगायच्या आधीच माहीत होतं. मग माझा हात कशाला?"

"काहीतरी बोलायला हवं होतं," हिल्दार्दो पुटपुटला. "तोंडातून गेलं. आणि तुम्ही लगेच मानलंत. एवढ्या लगेच मानाल असं वाटलं नव्हतं. मानलंत, मग मागे कसं घेणार?"

"तुम्ही म्हणालात म्हणून मानलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याचे दात पाडले असते." एवेलिओने आपला उजवा हात समोर धरला, पालथा, बोटं पसरून. "रोज सकाळी मी कप धरून बघत होतो. पहिल्या आठवड्यात थेंबही सांडला नाही. दुसऱ्या आठवड्यात सांडायला लागला. काल बशी भरली. तुम्ही म्हणालात आणि हात खरंच हलायला लागला, कंपाद्रे. हे बघा."

हात हलत होता. थोडासाच, पण हलत होता. हिल्दार्दोने बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं, फोटोकडे. तिथेही बघवलं नाही, तेव्हा जमिनीकडे पाहू लागला. तो रडत होता. एवेलिओला वाटलं होतं की तो रडला तर आपलंही मन विरघळेल. चौतीस वर्षं काही थोडी नसतात. एवेलिओच्या बायकोच्या शवपेटीचा पुढचा कोपरा याच माणसाने खांद्यावर घेतला होता. पण आत काही हललं नाही, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"सोमवारी," हिल्दार्दो नाक ओढत म्हणाला. "उद्याच लाल जीप आणून घेतो. हॉटेलवाले काय म्हणायचं ते म्हणोत. परत बसवून देतो. माफ करा, कंपाद्रे."

"उद्या संध्याकाळी माझी अंगणात आणून लावतो. सोमवारी सहाला येतो," एवेलिओ म्हणाला, आणि निघाला.

सान इसिद्रोत ती पेटी बसवू शकणारा दुसरा माणूस नव्हता, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

बारा वाजता चर्चची घंटा झाली तेव्हा चौकात जरा गर्दीच होती. निरोप बघायला लोकांना आवडतं. एका जीपवाल्याने फटाक्यांची माळही आणून ठेवली होती. एवेलिओने आरशाला टांगलेली पाटी काढली, खिशातल्या रुमालाने पुसली, आणि परत आरशाला टांगली.

"दॉन एवेलिओ," ओफेलिया म्हणाली, "पाटी इकडे द्यायची असते. विसरलात का?"

"नाही विसरलो. देत नाही."

ओफेलियाने वही उघडली, त्याच्या नावावर मारलेली बारीक पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसली, आणि वर फुंकर घातली. "माझी खात्री होतीच. म्हणून पेनने नव्हती मारली," ती म्हणाली. "घ्या मग, तुमचाच नंबर आहे. एल कोन्सुएलोचे चौघे खोळंबलेत."

"आज नाही. पेटी माझी नाही आतली. तिच्या भरवशावर मी कोंबडीसुद्धा उतारावरून आणणार नाही. मंगळवारपासून."

लोक एकमेकांकडे बघू लागले. पेटी कुणाची, कुठे गेली, कुणी नेली, असे प्रश्न चौकात एका क्षणात जमले. एवेलिओने एकाचंही उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर संध्याकाळपर्यंत हिल्दार्दोच्या दारात कुणी जीप नेली नसती. त्याला ते माहीत होतं, आणि तरी तोंडातून शब्द निघेना. चौतीस वर्षांची सवय अशी एका सकाळीत जात नाही.

"मग मी पण मंगळवारी जाईन," कुस्तोदियाने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं आणि पिशवी उचलली. "बहिणीकडे राहते तोवर. तिचा नवरा घोरतो, पण घसरणीपेक्षा बरा."

फटाक्यांची माळ ज्याची होती त्याने ती गुपचूप खिशात घातली.

सोमवारी सकाळी सहाला डोंगरावर धुकं होतं. अंगणात दोन जीपा शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या, लाल लाडकी आणि हिरव्या सासूबाई, दोघींची पोटं उघडी. हिल्दार्दो पहाटेपासून कामाला लागला असावा. लाल जीपची पेटी काढून, धुऊन, स्वच्छ गोणपाटावर ठेवलेली होती, एन असलेली बाजू वर करून. तसं ठेवायची काही गरज नव्हती.

एवेलिओ नेहमीच्या स्टुलावर बसला, पान्यांचा डबा पायाशी घेऊन. हिल्दार्दोने पेटी छातीवर घेतली आणि हळूहळू सासूबाईंखाली सरकला. फक्त त्याचे बूट आणि निळ्या शर्टाची एक बाही दिसत होती. आतून धापा ऐकू येत होत्या. सत्तर वर्षांच्या माणसाचं काम नव्हतं ते. पेटी जागेवर गेल्याचा खट् असा आवाज झाला, आणि एवेलिओचे डोळे नको असताना भरून आले.

मग खालून एक हात बाहेर आला, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली, रेषारेषांत वर्षानुवर्षांचं काळं तेल.

चौतीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. कुठल्या नटाची पाळी आहे हे एवेलिओला बाहेरून कळायचं आणि हात बाहेर आला की तो हवा तो पाना त्या तळव्यावर ठेवायचा. हिल्दार्दोला कधी मागावं लागलं नव्हतं. मदतीला ठेवलेल्या पोरांना तो एवेलिओचं उदाहरण द्यायचा.

हात थांबला होता. थोड्या वेळाने खालून आवाज आला.

"कंपाद्रे, नऊ-सोळा."

एवेलिओने डब्यातून नऊ-सोळाचा पाना काढला. त्याचा हात हलत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. तो स्टुलावरून वाकला, आणि पाना त्या तळव्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, जमिनीवर ठेवला.

"इथे ठेवलाय, मिस्त्री," तो म्हणाला.

जीपखालच्या धापा थांबल्या. हात बराच वेळ तसाच उघडा राहिला. मग तो पालथा झाला आणि जमिनीवर पाना चाचपू लागला.